वाऱ्याची चोरी

चिंचणीच्या माणसाने इतिहासावर लिहायला घेतले की वाचक ताम्रपटाची वाट पाहणार, हे मला ठाऊक आहे. १९५५ साली आमच्या गावच्या मातीतून जे ताम्रपट निघाले, त्यांनी मोठमोठ्या पंडितांना कामाला लावले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. संजाणचा कारभार त्या वेळी मधुमती नावाच्या एका अरब अधिकाऱ्याकडे होता, आणि त्या भल्या गृहस्थाने दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट नावांची सोय केली होती, असे त्या पत्र्यावर कोरलेले आहे. हजार वर्षांपूर्वी आमच्या या किनाऱ्यावर उतारूंना पलीकडे पोचवणे हे पुण्याचे काम समजले जाई.

आज तेच काम माझा एक जुना विद्यार्थी करतो. फरक इतकाच की त्याची नाव चार चाकांवर चालते, ती कर्जाची आहे, आणि पुण्यावर डिझेल मिळत नाही म्हणून तो माणशी भाडे घेतो. यंदाचा माझा इतिहास त्याच्या गाडीच्या पोटातल्या एका रबरी नळीचा आहे. त्या नळीला एक भोक पडले होते. भोकाला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. पण भोक शोधता शोधता मी जर्मनी, स्वित्झर्लंड, अमेरिका असा फिरून शेवटी घराच्या अंगणातच परत आलो, आणि वाटेत माझे स्वतःचेही एक जुने खाते मला उघडावे लागले. म्हणून हे लिहितो.

गेल्या वर्षी नवरात्र संपून दिवाळीची झाडलोट सुरू झाली होती. संध्याकाळी हा विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. उभा राहण्याची तऱ्हाच अशी होती की काहीतरी मागायला आला आहे हे मी ओळखले. वाणगाव स्टेशन ते चिंचणी अशा त्याच्या फेऱ्या असतात, सकाळी शाळेची मुले असतात, आणि सणासुदीला तो यात्रेकरू नेतो. पावसाळ्यापासून गाडी ओढेनाशी झाली होती. नवरात्रात महालक्ष्मीच्या दर्शनाला निघालेली माणसे भरून तो हमरस्त्याला लागला आणि मेंढवणच्या खिंडीत गाडीने मान टाकली. मागे काळ्या धुराचा लोट, पुढे चढ, आणि आत म्हाताऱ्याकोताऱ्या. चार तरुणांना उतरवून, रांगत रांगत, त्याने खिंड पार केली.

"शहरातल्या मोठ्या वर्कशॉपात नेली, गुरुजी," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं, टर्बो गेला. पन्नास हजारांच्या घरात खर्च आहे. आईनं पाटल्या काढून दिल्यात. पण त्या मोडायला हात होत नाही. तुम्ही पतपेढीत जामीन राहाल का?"

जामीन राहायला माझी ना नव्हती. पण पन्नास हजारांची जी वस्तू मेली म्हणतात, ती काय होती हे तरी कळावे, असे मला वाटले. दहावीच्या परीक्षेला आमच्या घरात अजूनही मॅट्रिकच म्हणतात आणि माझी विद्या तेवढीच. शाळेत शिकवतो मराठी आणि इतिहास. तेव्हा यंत्राकडे इतिहासाच्या दारातून शिरण्यावाचून मला गत्यंतर नव्हते. "दोन दिवस थांब," असे त्याला सांगितले आणि रात्री जागून मी वाचू लागलो.

आपण वाऱ्याला फुकट समजतो, आणि फुकट वस्तूचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण वारा ही वजनदार, दांडगी वस्तू आहे, हे माणसाला कळले त्याला पावणेचारशे वर्षे होत आली. जर्मनीत मागडेबुर्ग नावाचे शहर आहे. तेथील नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके याने १६५० नंतरच्या दशकात तांब्याचे दोन मोठे अर्धगोल एकमेकांवर ठेवले, पंपाने आतली हवा काढून घेतली आणि दोन्ही बाजूंना आठ आठ घोडे जुंपले. गोल सुटेनात. बाहेरची हवा त्यांना दाबून धरीत होती. पाठ्यपुस्तकात घोड्यांचे चित्र असते. चित्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे दोन अर्धगोलांच्या मध्ये गेरिकेने घातलेली, मेणात आणि टर्पेंटाइनात भिजवलेली चामड्याची कडी. ती कडी नसती तर बारीक फटीतून हवा आत शिरली असती, आणि सोळा घोडे कशाला, दोन पोरांनीही गोल उघडले असते. पुढे इंग्लंडात रॉबर्ट बॉइल आणि रॉबर्ट हूक यांनी हवेचा पंप केला, तेव्हा त्यांचाही बराच वेळ प्रयोगापेक्षा गळती बुजवण्यात गेला. हवेवर राज्य करायचे तर आधी फट बुजवावी लागते, हा धडा त्या वेळचा आहे.

आता इंजिनाकडे येऊ. इंजिन डिझेलवर चालते असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे. चुलीत नुसते लाकूड जळत नाही, फुंकणीही लागते. एक किलो डिझेल नीट जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एका लिटरमागे निदान दहा घनमीटर, म्हणजे एका लहानशा न्हाणीघरात मावेल तेवढी हवा झाली. साधे इंजिन ही हवा आपल्या छातीच्या जोरावर ओढून घेते. जेवढी ओढली जाईल तेवढेच तेल जळणार आणि तेवढीच शक्ती मिळणार. अधिक शक्ती हवी तर इंजिन मोठे करा, असा पूर्वीचा सरळ हिशेब होता.

या हिशेबात स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावच्या आल्फ्रेड ब्यूखी या तरुणाला एक उधळपट्टी दिसली. जळालेल्या तेलातली जवळजवळ एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर नळीवाटे बाहेर जाते आणि आकाशाला तापवते. त्या धुराच्याच झोताने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला पंखा बसवावा, आणि त्या पंख्याने ताजी हवा दाबून इंजिनाच्या पोटात भरावी! आजीने चुलीच्या धगीवरच पाणी तापत ठेवावे तशी ही काटकसर होती. १९०५ च्या नोव्हेंबरात त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले, तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता. हाच टर्बो.

कल्पना सुचणे आणि ती चालणे यांत वीस वर्षांचे अंतर पडले. त्या धगीत टिकणारे धातू नव्हते आणि त्या वेगाला पुरतील असे बेअरिंग नव्हते. १९२० नंतरच्या दशकात 'प्रॉयसन' आणि 'हान्सेश्टाट डांझिग' या दोन जर्मन उतारू जहाजांवर ब्यूखीची युक्ती बसली, आणि १७५० अश्वशक्तीची इंजिने २५०० अश्वशक्ती देऊ लागली. इंजिन तेच होते, त्याला वारा तेवढा पुरेसा मिळाला.

मधल्या काळात पहिले महायुद्ध झाले आणि विमाने उंच जाऊ लागली. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो याने विमानासाठी टर्बो केला. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ साली एक इंजिन मालमोटारीवर घालून कोलोरॅडोतील पाइक्स पीक या १४ हजार फुटांहून उंच शिखरावर चढवले. खाली डेटन शहरात ते इंजिन ३५० अश्वशक्ती देत होते. शिखरावर टर्बोवाचून ते २३० वर आले. टर्बो जोडताच ३५६! डोंगरावर चढून इंजिन खालच्यापेक्षा ताजेतवाने झाले. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली बंगालमधल्या खरगपूरच्या आसपासच्या धावपट्ट्यांवरून अमेरिकेची बी-२९ ही प्रचंड विमाने उडत असत. त्यांच्या प्रत्येक इंजिनाला दोन दोन टर्बो होते.

इथवर वाचून मी दिवा मालवला, पण मेंढवणच्या खिंडीतला काळा धूर काही डोळ्यांपुढून हलेना. तो धूर मी पूर्वी कोठेतरी पाहिला होता. पहाटे आठवले. लहानपणी आम्ही मिरजेच्या मावशीकडे जात असू, तेव्हा पुण्यापुढे गाडीला डिझेलचे इंजिन लागे. स्टेशन सोडताना ते इंजिन काळ्याकुट्ट धुराचा एक खांब आभाळात उभा करी, आणि गाडीने वेग घेतला की धूर आपोआप पांगे. रेल्वेच्या भाषेत ते डब्ल्यूडीएम-२. १९६२ पासून ही २६०० अश्वशक्तीची इंजिने भारतात आली, पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली, आणि दोन पिढ्यांनी त्यांच्यामागे प्रवास केला. त्यांनाही टर्बो होता. ड्रायव्हर हात पुढे सरकवी, तेल लगेच वाढे. पण टर्बोच्या जड चक्राला वेग घ्यायला वेळ लागे आणि वारा मागून येई. तेवढ्या वेळात तेल जास्त, वारा कमी, आणि अर्धवट जळलेल्या तेलाची काजळी आकाशात. म्हणजे काळा धूर ही वाऱ्याच्या तुटवड्याची खूण झाली. रेल्वे इंजिनात तो तुटवडा काही क्षणांचा असे. आमच्या गाडीत मात्र तो मुक्कामाला आला होता.

वारा कमी पडतो आहे एवढे ठरले. पण तो पंखा निकामी झाला म्हणून कमी पडतो, की पंखा पुरेसा वारा घालत असूनही मध्येच कोणी चोरतो? हा प्रश्न वर्कशॉपात कोणी विचारला होता का? मी विद्यार्थ्याला विचारले. "नाही," तो म्हणाला. "त्यांनी दहा मिनिटं गाडी पाहिली आणि कागदावर आकडा लिहून दिला."

मोटारीच्या इतिहासात असा निष्पाप टर्बो बळी जाण्याचे प्रसंग नवे नाहीत. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने 'जेटफायर' नावाची टर्बोची मोटार विकायला काढली. दाबलेल्या वाऱ्याने इंजिनात अकाली स्फोट होऊ नयेत म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एका टाकीत भरून ठेवावे लागे. लोक ते भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की यंत्र आपण होऊन दाब कमी करी, आणि मालक म्हणत, टर्बोत काही दम नाही. शेवटी कंपनीने पुष्कळ गाड्यांचे टर्बो काढून साधी इंजिने करून दिली. १९७७ साली रनो कंपनी टर्बोची पिवळी शर्यतीची गाडी घेऊन इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला उतरली. ती इतक्या वेळा वाफाळत बंद पडे की लोकांनी तिला 'पिवळी किटली' नाव ठेवले. किटलीच्या मालकांनी धीर सोडला नाही. एकेक दोष शोधीत गेले आणि १९७९ साली दिजाँला त्याच कंपनीची टर्बो गाडी पहिली आली. हसणाऱ्यांनी मग स्वतःच्या गाड्यांना टर्बो बसवले.

आपल्याकडे हे यंत्र आधी रेल्वेत आणि मोठ्या इंजिनांत आले. घरच्या गाडीत ते महाराष्ट्रातल्या कारखान्यांनीच आणले म्हटले तरी चालेल. १९९८ साली पुण्याहून टाटांची सफारी आली आणि २००२ साली नाशकाहून महिंद्रांची स्कॉर्पिओ. दोघींच्या डिझेल इंजिनांना टर्बो होता. पुढे धुराचे नियम कडक होत गेले, १ एप्रिल २०२० पासून तर भारत टप्पा सहा लागू झाला, आणि आज लहानशा पेट्रोल गाडीच्या बॉनेटखालीही टर्बो असतो. ज्या यंत्रासाठी मॉसला डोंगर चढावा लागला, ते आता भाजी आणायला जाते.

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थ्याला घेऊन नाक्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. या गृहस्थांनी आयुष्याची सुरुवात सायकलचे पंक्चर काढण्यापासून केली. पुढे कोळ्यांच्या होड्यांची इंजिने दुरुस्त केली आणि आता गाड्या करतात. मी रात्रीचे सारे वाचन त्यांच्यापुढे ओतले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, टर्बो म्हणजे पंखाच ना? मग तो फिरतो की नाही ते बघू या आधी."

इंजिन थंड होते. त्यांनी टर्बोच्या तोंडाची नळी सोडवली आणि आतल्या चक्राला बोटाने हळूच फिरवले. ते गुळगुळीत फिरले. बाजूला दाबून पाहिले, पाती कोठे घासत नव्हती. पात्यांच्या कडा शाबूत होत्या. आत तेलाचे ओघळ नव्हते, नुसता ओशटपणा होता, तो असतोच म्हणाले. "हा गडी मेलेला नाही," मिस्त्री म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते. गाडी तुमच्या अंगणात आणा. इथे नाक्यावर इतका गोंगाट आहे की चोराचं पाऊल ऐकू येणार नाही."

तेव्हा गाडी आमच्या अंगणात आली. घरात दिवाळीच्या अभ्यंगासाठी रिठे भिजत घातले होते. पंक्चरवाल्यासारखे साबणाचे पाणी मारून पाहावे एवढे मलाही सुचले. मी उत्साहाने रिठ्याचे पाणी फेसाळून नळ्यांवर शिंपडले आणि विद्यार्थ्याने इंजिन सुरू केले. एक बुडबुडा येईल तर शपथ!

मिस्त्री हसले. त्यांनी जे समजावून सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. गाडी जागेवर उभी राहून घुरघुरत असते तेव्हा धुराला जोर नसतो, म्हणून पंखा जेमतेम फिरतो आणि नळीत दाब नसतो. चढावर, ओझ्याखाली, तोच पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तेव्हा नळी फुग्यासारखी टणक होते आणि भोक तोंड उघडते. चोर असा की धनी घरी असला की साळसूद आणि धनी कामाला लागला की हात मारणार. पेट्रोलच्या गाडीत तर आणखी गंमत. तिच्यात तेच भोक जागेवर उभे असताना बाहेरचा वारा आत ओढते आणि जोरात जाताना आतला वारा बाहेर फेकते. वारा मोजणारे यंत्र नळीच्या तोंडाशी बसलेले. त्याने मोजलेला वारा वाटेत सांडला की गाडीचा संगणक सगळे गणित चुकीच्या आकड्यावर मांडतो. भोक टर्बोच्या आधी, हवेच्या फिल्टरच्या बाजूला असेल तर दाब जात नाही, पण धूळ आत जाते आणि पात्यांना खरवडते. तो चोर नव्हे, विष घालणारा.

मग खरी तपासणी झाली. प्लंबिंगच्या पाइपाला लावतात तसले प्लॅस्टिकचे एक टोपण घेऊन त्याला मिस्त्रींनी भोक पाडले आणि त्यात टायरचा वॉल घट्ट बसवला. इंजिन बंद ठेवून ते टोपण टर्बोच्या तोंडाच्या नळीत क्लिपने आवळले. शेजारी इंजिनाच्या पोटातून येणारी एक श्वासनळी होती, तिचे तोंड बुचाने बंद केले. मुलांना लांब उभे केले. "टोपण सुटलं तर डोळा जाईल," असे सांगून ते स्वतः बाजूला झाले आणि पंपाने हवा भरू लागले. फक्त दहा पौंड, टायरच्या एक तृतीयांशही नाही. "जास्तीची हौस करायची नाही. जास्त दाबानं नसलेली भोकं पडतात," ते म्हणाले. थोडी हवा इंजिनाच्या झडपांतून आत झिरपतेच, तेव्हा काटा हळूहळू उतरला म्हणून घाबरायचे नसते, हेही त्यांनी सांगितले. हल्ली मोठ्या ठिकाणी याच वाटेने तेलाचा पांढरा धूर सोडतात, आणि तो जेथून डोकावेल तेथे गळती असते. काही लोक चालू इंजिनावर पेट्रोल फवारून पाहतात, त्यांच्या नादी लागू नये. तापल्या इंजिनावर पेट्रोल म्हणजे होळी, दिवाळी नव्हे.

आम्ही सगळे गप्प झालो. माझ्या मुलीने पुन्हा रिठ्याचे पाणी शिंपायला घेतले. पहिला फेस एका क्लिपपाशी आला. क्लिप सैल होती, ती आवळली. फेस बंद झाला, पण सुस्कारा चालूच. फिसफिस असा तो आवाज कोठून येतो ते कळेना. टर्बोने दाबलेला वारा तापतो आणि तापलेला वारा पसरतो, म्हणून तो गार करायला पुढे एक जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात. मिस्त्रींनी तिच्याकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीवर वरून हात फिरवला. वर काही नव्हते. मग त्यांनी हात खाली घातला आणि बाहेर काढून आम्हांला दाखवला. बोटांना तेलकट काळी धूळ लागली होती. "वाऱ्याबरोबर तेलाचा बारीक अंश येतो आणि धूळ धरून ठेवतो," ते म्हणाले. "चोर पाय पुसून जात नाही."

मुलगी आडवी होऊन गाडीखाली सरकली आणि तिने पाणी मारले. "बाबा, भाताच्या पेजेसारखं उसळतंय!" ती ओरडली. नळीच्या पोटाला, जेथे ती लोखंडी पट्टीवर घासत होती, तेथे करंगळीच्या नखाएवढी चीर होती. हवा सोडून दिली की चीर मिटे आणि हाताला लागत नसे. हवा भरली की ओठासारखी उघडे. आमच्या डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत. हवा भरल्यावाचून फुग्याचे भोक दिसत नाही हे इकडच्या पोरांना शिकवावे लागत नाही. वर्कशॉपातल्या मोठ्या माणसांना तेवढे आठवले नव्हते.

नवी नळी साडेसातशे रुपयांना मिळाली. मिस्त्रींनी ती पट्टीपासून दोन बोटे दूर बांधली आणि मजुरीचे तीनशे घेतले. विद्यार्थ्याने आग्रहाने जास्त पुढे केले, तेव्हा म्हणाले, "भोक शोधायचे पैसे घेतो, भोक पडायचे नाही."

गाडी तपासून झाल्यावर तो फाटकी नळी हातात घेऊन ओटीवर बसला. चहा झाला. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "गुरुजी, तुम्ही माझ्या प्रगतिपुस्तकात काय लिहायचात आठवतं? 'लक्ष नाही. प्रगती असमाधानकारक.'"

मला आठवत होते. हा मुलगा वर्गात मागच्या बाकावर पेंगे. मी त्याला दोनदा उभे केले, चारदा रागावलो आणि शेवटी सोडून दिला. नववीनंतर त्याने शाळा सोडली, तेव्हा मला फारसे नवलही वाटले नाही. आज त्याला विचारले, "रे, तेव्हा तू इतका पेंगायचास का?" तो म्हणाला, "बाबांबरोबर होडीवर जायचो ना रात्री. भरतीची वेळ असेल तशी. पहाटे परत यायचो, मासळी उतरवायची आणि मग शाळा." ही गोष्ट त्याने तक्रारीच्या सुरात सांगितली नाही. मी कधी विचारले नव्हते, म्हणून त्याने कधी सांगितले नव्हते, एवढेच.

मी गप्प बसलो. शहरातल्या त्या वर्कशॉपावर रात्रभर माझा राग होता. दहा मिनिटे पाहून त्यांनी टर्बो मेला असे लिहून दिले, याचा. मी तर पूर्ण वर्षभर पाहूनही तेच लिहून दिले होते. मुलाचे डोके शाबूत होते. झोप गळत होती, आणि ती कोठे गळते ते पाहायला मी कधी खाली वाकलो नव्हतो. वर्कशॉपाचे भोक साडेसातशे रुपयांत बुजले. माझे तसे बुजण्यासारखे नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याने आम्हां सर्वांना महालक्ष्मीला नेले. भाडे घेईना. मेंढवणच्या खिंडीत गाडी चढू लागली तशी माझी मुलगी मागच्या काचेतून पाहत राहिली. "धूर नाही, दादा!" ती म्हणाली. त्याची आई माझ्या पत्नीशेजारी बसली होती. खिंडीच्या वळणावर तिने पुढच्या बाकाची दांडी धरली, तेव्हा मनगटावरच्या पाटल्या एकमेकींवर वाजल्या.

ती फाटकी नळी मी मागून घेतली आहे. शाळेच्या कपाटात पृथ्वीच्या गोलाशेजारी ती ठेवली आहे. मुले विचारतात, हे काय? मी त्यांना मागडेबुर्गच्या घोड्यांची गोष्ट सांगतो, ब्यूखीची सांगतो आणि पिवळ्या किटलीचीही सांगतो. आणि सहामाहीची प्रगतिपुस्तके भरायला बसलो की आधी ती नळी टेबलावर आणून ठेवतो. या वर्षी तीन मुलांच्या घरी जाऊन आलो. अजून दोन राहिली आहेत. दिवाळीच्या सुटीत जाईन.